तुझी थांबायची जागा

दुपारची झोप गेली. इतकी वर्षं ती तुझ्या पेटीमुळे मोडायची म्हणून मी कुरकुर करत होतो. आता घरात चिटपाखरू नाही, ओसरीवर खाट टाकलेली आहे, डोक्यावर पंखा फिरतो आहे, आणि डोळ्याला डोळा लागत नाही. कूस बदलत पडून राहतो आणि चार वाजायची वाट बघतो. चार वाजले की उठून चहा ठेवतो. कालही दोन कप पाणी ठेवलं.

तुला जाऊन महिना होत आला. राजू नाशिकला परत गेला. "बाबा, आमना संगे चला," असं तीनतीनदा म्हणाला. मी "येसू, येसू" म्हणत, पण कधी येईन ते न सांगता, त्याची बॅग रिक्षात ठेवली. त्याच्या चौथ्या मजल्यावर ढोलकी कुठे वाजवू, आणि कुणासाठी? गल्लीतल्या बायका आळीपाळीने डबा आणून देतात. दारातूनच "मास्तर, जेवनात का?" विचारतात, मी हो म्हणतो. त्यांच्यातली कुणी आत येत नाही. आत यायचं ते सगळं तुझ्याकडे यायचं, हे मला आता कळतंय. मास्तरांकडे लोक ओट्यापर्यंतच येतात.

आपल्या गल्लीतून जन्मभर आपण बाहेरगावच्या गाड्या बघितल्या. माणसं लांबून अस्थी घेऊन आपल्या प्रकाशा गावाला यायची, डोकं भादरलेली, मुकी, घाटाचा रस्ता विचारत. तू त्यांना ओट्यावर बसवून पाणी द्यायचीस. यावेळी मला रस्ता विचारावा लागला नाही. घाटावर गेलो आणि आलो. परत येताना वाटलं, आपल्याच ओट्यावर कुणीतरी तांब्या घेऊन उभं असेल. कुणी नव्हतं.

पण मी हे सांगायला बसलो नाही. आपलं भांडण अर्धं राहिलंय, ते पुरं करायचं आहे.

कुणी तिसरा हे वाचेल तर त्याला वाटेल, मास्तर आणि मास्तरीणबाई शेतीवरून नाहीतर सुनेवरून भांडत असतील. आपण भांडलो ते विद्येवरून. मी जन्मभर पोरांना गणित शिकवलं, आणि जन्मभर माझं मत एकच होतं की जे येतं ते उपजत येतं. फळ्यावर उदाहरण मांडून व्हायच्या आत एखाद्याच्या डोळ्यात उत्तर दिसतं. दुसरा वर्षभर तेच घोकतो आणि परीक्षेत पुन्हा तिथेच अडकतो. मी हे रोज बघत होतो, पुस्तकात वाचलेलं नव्हतं. तुला मात्र हे ऐकलं की राग यायचा. भाकरी थापता थापता मान वर न करता तू म्हणायचीस, "मंग सरकार तुमले पगार कसाना देस? ज्याले येस त्याले येसच, ज्याले नई येस त्याले नईच येस. तुमी शाळामा काय करतस मंग?"

मी विषय बदलायचो, भाजीत मीठ कमी आहे म्हणायचो.

मोलगी गावची आठवण तू दरवेळी काढायचीस, कारण ती तुझ्या बाजूची होती. लग्नानंतरची पहिलीच वर्षं, माझी बदली डोंगरात, आणि आपण दोघंही सपाटीची माणसं. बाजाराच्या दिवशी डोंगरातल्या बायका पाटीत भगर, आमचूर, चारोळी घेऊन खाली यायच्या, आणि त्यांची बोली आपल्याला ओ की ठो कळत नव्हती. मला कान होता. पंधरवड्यात मी त्यांच्यासारखा हेल काढून बोलायला लागलो. जीपवाले खूश व्हायचे, म्हणायचे गुरुजी तर आपल्यातलाच झाला. तू मात्र दर बाजाराला एकच शब्द विकत घेतल्यासारखी शिकून यायचीस आणि आठवडाभर तो घोळवायचीस, चुलीशी, विहिरीशी, मी ऐकून कंटाळेपर्यंत. हेल तुला अखेरपर्यंत जमला नाही.

पुढे बदली होऊन आपण खाली आलो आणि माझी ती बोली धुतल्या पाटीसारखी पुसली गेली. तुझी राहिली. ऊसतोडीला, पपईच्या तोडणीला डोंगरातल्या बायका आल्या की त्या आधी तुला शोधत यायच्या. तू ओट्यावर बसून त्यांच्याशी बोलायचीस, तुझ्या त्या अडखळत्या सपाट आवाजात, आणि मी खिडकीतून ऐकत बसायचो. मला एक अक्षर समजायचं नाही. त्या गेल्या की तू फक्त माझ्याकडे बघायचीस. मी म्हणायचो, भाषा वेगळी आणि सूर वेगळा. सूर म्हणशील तर तो आईच्या पोटातून आणावा लागतो.

ते मी बोललो आणि तू पेटी आणलीस.

आपल्या भजनी मंडळात पेटी वाजवायचे दगाजी अप्पा. गुडघे गेले तसे मुलाने त्यांना सुरतेला नेलं. पेटी मंडळाची, ती देवळाच्या कोनाड्यात पडून राहिली. सगळ्यांना वाटलं, मास्तर घेतील. लहानपणापासून ढोलकी वाजवतो, कुणी शिकवली नाही, हात ठेवला आणि वाजली. मी म्हटलं, मला ढोलकी पुरे. तेवढ्यात बायकांच्या रांगेतून तू म्हणालीस, "मी शिकसू पेटी." देवळात हशा पिकला. मी तर सगळ्यांच्या वरताण हसलो. आरतीत तू मोठ्यांदा गायला लागलीस की शेजारच्या बाईचाही सूर ढळायचा, हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं. तू उभी राहिलीस, पदर खोचलास आणि पेटी उचलून घरी आणलीस.

शिकवणार कोण? सुरतेहून अप्पा. फोन स्पीकरवर टाकून तू तो पाटावर ठेवायचीस आणि पेटीचा भाता ओढायचीस. तिकडून अप्पांचा आवाज यायचा, "जिजी, ते नई, त्याना शेजारनी दाब! अवं कोठे चालनी तू?" मधेच सुरतेच्या रस्त्यावरचे हॉर्न, मधेच त्यांच्या नातवाचं रडणं. दुपारचं ऊन अंगणात तापलेलं, मी खाटेवर उशी कानावर दाबून पडलेलो, आणि तू तीच ओळ, तीच चूक, पुन्हा तीच ओळ. मी ओरडायचो, "बस कर वं, त्या म्हाताराले तरी झोपू दे." तू भाता न थांबवता म्हणायचीस, "रोज बठनं का येस."

रोज बसलं की येतं. हे तुझं एकच वाक्य. त्याच्यापुढे माझं सगळं गणित फिकं.

आलं का पण? आज तू समोर नाहीस म्हणून मी खोटं बोलणार नाही. नाही आलं. बोटांना जागा सापडल्या, भजनं बसली, सोमवारी देवळात मंडळ तुझ्या पेटीवर गायला लागलं. पण कान काही तुला फुटला नाही. तू सूर ऐकून दाबत नव्हतीस, जागा पाठ करून दाबायचीस, पाढे म्हणावेत तशी. मी ढोलकीवरून बघायचो आणि मला ते स्पष्ट दिसायचं. तुला हे सांगितलंही होतं. तू म्हणालीस, "लोके गातस ना? मंग झायं."

आणि ते आपलं महादेवाचं भजन. गावातल्याच कुण्या जुन्या माणसाने रचलेलं, दर सोमवारी शेवटी म्हणायचं. त्यात अंतऱ्याला सूर एकदम वर उडी मारतो. अप्पा ती उडी डोळे मिटून घ्यायचे. तुला वरची पट्टी बघावी लागायची. बघायला मान खाली घातलीस की चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर यायचा. मग डावा हात भात्यावरून सुटायचा, चष्मा वर जायचा, हात परत भात्यावर यायचा. तोवर पेटीतला वारा संपलेला. टाळ धरून माणसं उभी, बायकांची तोंडं उघडी, माझा हात ढोलकीच्या वर अधांतरी. मग तुझा सूर लागायचा आणि सगळं भजन पुन्हा चालू व्हायचं.

पहिल्यांदा लोक हसले, मग कंटाळले. मीच म्हटलं होतं, दोरी बांध त्या चष्म्याला. तू बांधलीस, ती केसात अडकली, तू काढून टाकलीस. मग कधी ते कुणाला कळलंही नाही, पण मंडळ तिथे थांबायला शिकलं. टाळकरी टाळ छातीशी धरायचे. बायका तेवढ्यात श्वास घ्यायच्या. गेल्या महाशिवरात्रीला शहाद्याचा एक चांगला गवई पाहुणा म्हणून गायला बसला होता. त्याने अंतरा उचलला आणि न थांबता वर गेला. अख्खं मंडळ त्याच्याकडे असं बघायला लागलं की जणू त्यानेच काही चोरलंय. बिचारा ओशाळला आणि पुढच्या वेळी आपल्यासोबत थांबला. घरी येताना मी पोट धरून हसत होतो. म्हटलं, तुझी चूक आता गावाची चाल झाली. तू म्हणालीस, "चूक कसानी? सगळा थांबतस ते बरोबरच व्हई."

दवाखान्यात तू बोलणं कमी केलंस. डॉक्टर काय म्हणाले, काय लिहिलं, ते सगळं राजूने ऐकलं, मी तुझ्या हाताकडे बघत बसायचो. एका संध्याकाळी तुझी बोटं चादरीवर हलायला लागली. नर्सला वाटलं काही दुखतंय. मी ओळखलं. आधी धृपद, मग फिरून धृपद, मग अंतरा. मी खाटेच्या दांडीवर दोन बोटांनी ठेका धरला. त्या जागी आल्यावर तुझा डावा हात उठला, नाकापर्यंत गेला. चष्मा माझ्या खिशात होता. हात तसाच थोडा वेळ राहिला आणि खाली आला, आणि तू पुढे वाजवत राहिलीस.

मला राहवलं नाही. थट्टेची सवय आपली जुनी, तिथेही सुटली नाही. मी म्हटलं, "इतला वरीस घासं तू. काय भेटनं, सांग बरं?"

तू हसलीस. म्हणालीस, "घर जासूत, मंग सांगसू."

"आत्तेच सांग ना."

"आत्ते दम लागस."

घरी आलीस ती वेगळीच, पांढऱ्या चादरीत आलीस. तेव्हापासून मी तुझ्या उत्तराची वाट बघतोय. वेडेपणा आहे, मला कळतं. पण दुपारी पडल्या पडल्या मी वेगवेगळी उत्तरं करून बघतो, तुझ्या आवाजात म्हणून बघतो. एकही तुझं वाटत नाही. तू असं काहीतरी म्हणाली असतीस की मला मीठ कमी आहे म्हणावं लागलं असतं.

तेरावं झाल्यावर मंडळाची माणसं आली. पेटीचं काय करायचं, असं कुणी तोंडाने विचारलं नाही, पण सगळे कोपऱ्यातल्या पेटीकडे बघत होते. तिच्यावर तुझ्या जुन्या साडीचा तुकडा होता तसाच आहे. मी म्हटलं, भारती वाजवेल. शेजारची भारती, नवी सून. तुझ्याकडे विरजण मागायला यायची आणि पेटीशी घुटमळायची. तिला मी एकदा ऐकलं होतं. तू स्वयंपाकघरात असताना तिने उभ्याउभ्या एका हाताने भाता ओढला आणि तू वर्षभर झगडलेली ओळ सहज वाजवून टाकली. तू आतून म्हणालीस, "कोण, अप्पा उनात का काय?" मी तेव्हा तुला बोट दाखवून म्हणालो होतो, बघ, याला म्हणतात उपजत. तुला वाईट वाटलं नाही. तू तिला लाडू दिलास.

तर सोमवारी भारती पेटीवर बसली. मी ढोलकीवर. देवळात जायला मला बळ नव्हतं, पण ढोलकी दुसऱ्याच्या हातात देववली नाही. भजनं झाली, एकाहून एक. सूर असे लागले की दगाजी अप्पा फोनवर असते तर रडले असते. खरं सांगतो, तुझ्या पेटीतून असे सूर निघतात हे मलाही ठाऊक नव्हतं. मग शेवटचं महादेवाचं भजन आलं. अंतरा आला. भारतीने मान खाली घातली नाही, चष्मा तिला नाही, तिचं बोट अचूक वरच्या पट्टीवर गेलं.

आणि सगळं मंडळ थांबलं.

टाळ छातीशी आले. बायकांनी श्वास घेतला. माझा हात ढोलकीच्या वर, अधांतरी. कुणी ठरवलेलं नव्हतं. देवळात नुसती भारतीची पेटी, एकटी, दोन-तीन सूर पुढे गेलेली, मग तीही घाबरून थांबली. वाऱ्याचा आवाज तेवढा राहिला, बंधाऱ्याच्या पाण्यावरून येतो तो. म्हातारी सखूबाई पदराने डोळे पुसायला लागली. कुणालाच कळेना पुन्हा सुरू कुठून करायचं, कारण सुरू करणारा सूर यायचा तो तुझ्याकडून.

भारती रडवेली झाली. "बाबा, मन्हं काही चुकनं का?"

"नई बेटा. तुन्हं बरोबर शे."

"मंग सगळा का बरं थांबनात?"

मी ढोलकी खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती स्वतः आली. साडीचा तुकडा बाजूला केला, पेटीशी बसली आणि म्हणाली, मला ते थांबणं शिकवा. मी म्हटलं, गरज नाही, मंडळाची सवय मोडेल हळूहळू. ती म्हणाली, "नई बाबा. जिजीनं भजन शे ते." मग मी खाटेवरून उठलो, ढोलकी घेतली. ती थांबली, पण लवकर सुटली. पुन्हा केलं, फार लांबलं. पुन्हा केलं, तर मध्येच भात्यातला वारा चुकून बोलला. जिला कुठलीही ओळ एकदा ऐकली की येते, ती त्या एवढ्याशा जागेत घामाघूम झाली.

"कितलं थांबानं, बाबा?"

"चष्मा वर कराले लागस, तितलं."

"मन्हाकडे चष्मा नई शे ना!" ती वैतागली. "सूर ते आयकू येस. हाई आयकूच नई येस. कशी शिकू मी?"

आणि माझ्या तोंडून ते निघून गेलं. मी ठरवून म्हटलं नाही, तुला जिंकवायचा माझा काही विचार नव्हता. "रोज बठनं का येस," मी म्हटलं. ते म्हटल्यावर मला पुढे ठेका धरता येईना. भारती खाली मान घालून भाता नीट करत बसली. समजूतदार पोर आहे.

म्हणून सांगतो, सुराच्या बाबतीत माझंच खरं होतं. तुला सूर नव्हता, आणि कितीही वर्षं बसली असतीस तरी आला नसता. हे मी मागे घेत नाही. पण तू रोज बसलीस आणि त्यातून जे झालं ते उपजत असलेल्या कुणाला करता आलं नसतं. अप्पा इतकी वर्षं बिनचूक वाजवत होते, ते सुरतेला गेले आणि पुढच्या सोमवारी भजन पेटीशिवायच विनाअडथळा झालं. तू गेलीस आणि गाव अडकलं. हेच तू घरी येऊन सांगणार होतीस का? नसशील. तू असलं मोठं बोलली नसतीस. पण माझ्याजवळ आता एवढंच आहे, तेच मी तुझं म्हणून धरतो.

भारती रोज येते, तासभर बसते. तोच अंतरा, तीच जागा, पुन्हा तीच. दुपारची झोप पुन्हा मोडली म्हणायची. तेवढा तास घर घरासारखं वाटतं. मग तिची सासू हाक मारते, ती पेटीवर तुझी साडी घालते आणि जाते. मी ओसरीत उरतो. चार वाजतात. चहाला पाणी ठेवायला उठतो, आणि मोजून एक कप ठेवायचा हे रोज नव्याने आठवावं लागतं.

मला जे आलं ते आयुष्यात सगळं फुकट आलं. ढोलकी आली, गणित आलं, डोंगरातली बोली आली आणि गेली. बसून, घासून, चुकत चुकत मी कधी काही शिकलो नाही. हे पहिलंच. तुझ्याशिवाय राहायला शिकतोय. तू म्हणायचीस तसा रोज बसतो.

अजून येत नाही गं.